मुक्या प्राण्यांची साक्ष



पैठण आपल्यापासून फार दूर नाही. त्या पैठणातली एक कथा आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली असते. रस्त्याने जाणाऱ्या रेड्याच्या पाठीवर आसूड बसला आणि त्याचे वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उमटले, अशी ती कथा आहे. तिच्यातला चमत्कार कोणी मानो वा न मानो. पण तिच्यात एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो खरा आहे. मुक्या जनावराला काय दुखते, ते आपल्याला कळावे कसे? आणि त्याला दुखवून आपण आपले दुखणे बरे करणार असू, तर त्याचा हिशेब कोणी ठेवायचा?

आज मी जो इतिहास सांगणार आहे, तो वरवर पाहता औषधांचा इतिहास आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी माणसाला दुखू नये म्हणून जी भुलीची आणि बधिरतेची औषधे निघाली, ती जनावरांवर कशी पारखली गेली, एवढाच त्याचा विषय. पण या इतिहासाचे एक मोठे प्रकरण ज्या राज्यात घडले, त्याच राज्यात हे आपले गाव १९४८ सालापर्यंत होते. ते प्रकरण हैदराबादेत घडले, निजाम सरकारच्या पैशाने घडले, आणि त्या खजिन्यात मराठवाड्याच्या शेतसाऱ्याचाही वाटा होता. म्हणून ही गोष्ट परक्यांची नाही, थोडीशी आपल्या घरचीच आहे.

हृदय की श्वास?

१८४७ सालच्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या सिम्सन नावाच्या डॉक्टराने क्लोरोफॉर्मची भूल प्रथम वापरात आणली. त्याआधी शस्त्रक्रिया म्हणजे काय असे, याची आज कल्पनाही करवत नाही. चार धट्टेकट्टे माणसे रोग्याला दाबून धरीत आणि शल्यवैद्य शक्य तितक्या घाईने सुरी चालवी. क्लोरोफॉर्मने हा छळ थांबला. जगभर लोकांनी त्याचे स्वागत केले.

परंतु तीन महिनेही झाले नाहीत, तोच २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडात न्यूकॅसलजवळच्या एका गावी हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म घेताच मरण पावली. शस्त्रक्रिया ती केवढी? पायाच्या बोटाचे नख काढावयाचे होते. पुढे असे मृत्यू अधूनमधून घडतच राहिले. धडधाकट माणूस मेजावर येई, चार श्वास घेई आणि जाई.

मग वाद सुरू झाला. क्लोरोफॉर्मने मरण येते ते हृदय बंद पडून की श्वास बंद पडून? हा वाद पंडितांच्या चर्चेपुरता नव्हता. भूल देणाऱ्याने बोट नाडीवर ठेवायचे की डोळा छातीवर ठेवायचा, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून होते. लंडनचे जॉन स्नो, ज्यांनी पटकीचा प्रसार दूषित पाण्यातून होतो हे दाखवले तेच हे स्नो, यांनी जनावरांवर प्रयोग करून सांगितले की वाफ तीव्र असली तर हृदयच थांबते. उलट एडिंबरोचे शल्यवैद्य साईम यांचा कटाक्ष असा की, नाडीकडे बघत बसू नका. श्वास सांभाळा, म्हणजे सर्व सांभाळले.

या साईमसाहेबांचा एक शिष्य १८८५ साली हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन म्हणून आला. त्याचे नाव एडवर्ड लॉरी. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचा तो प्रमुखही झाला. माणूस कर्तबगार, शिकवण्यात हातखंडा, आणि गुरुभक्तीत तर आपल्याकडच्या शिष्यांनाही मागे टाकील असा. हजारो रोग्यांना त्याच्या देखरेखीखाली क्लोरोफॉर्म दिला गेला होता. साईमचे म्हणणे अक्षरशः खरे आहे आणि लंडनकर चुकतात, हे जगापुढे सिद्ध करायचे त्याने मनावर घेतले.

निजामाचे क्लोरोफॉर्म कमिशन

त्या वेळी गादीवर सहावे निजाम मीर महबूब अली खान होते आणि असमानजाह हे दिवाण होते. लॉरीच्या सांगण्यावरून १८८८ साली पहिले क्लोरोफॉर्म कमिशन नेमण्यात आले. त्याने कुत्र्यांवर प्रयोग केले आणि निकाल दिला की, श्वास आधी थांबतो, हृदय मागाहून. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाला हे पटले नाही. युरोपातल्या पुराव्याशी ते जुळत नव्हते.

तेव्हा निजाम सरकारने जो पवित्रा घेतला, त्याला त्या काळात तोड नसावी. तुमचा विश्वास नाही ना? मग तुमचाच माणूस पाठवा, खर्च आम्ही देतो. ‘लॅन्सेट’ने निवडलेल्या तज्ज्ञासाठी एक हजार पौंडांची रक्कम देऊ करण्यात आली. लंडनहून लॉडर ब्रंटन आले. हृदयशूळावर अमाइल नायट्राइटचा उपयोग १८६७ साली दाखवून देणारे ते हेच ब्रंटन. ते निघाले तेव्हा क्लोरोफॉर्म हृदयाला घातक आहे, या मताचे होते.

ऑक्टोबर ते डिसेंबर १८८९ या काळात हैदराबादेत दुसऱ्या कमिशनचे काम चालले. लासूरला तेव्हा स्टेशन नव्हते. मनमाडहून हैदराबादला जाणारा लोहमार्ग अजून दहाएक वर्षे पुढे होता. लॉरी अध्यक्ष, ब्रंटन पाहुणे, सर्जन-मेजर बॉमफर्ड आणि डॉक्टर रुस्तमजी हकीम हे सभासद. रूपाबाई फर्दुनजी नावाची एक पारशी तरुणी लॉरीच्या शिष्यवर्गात होती. तिचाही या कामाशी संबंध आला. भूल देण्याच्या शास्त्रात ती पुढे इतकी निष्णात झाली की, जगातली पहिली स्त्री-भूलतज्ज्ञ म्हणून तिचे नाव आज घेतले जाते. १९०९ साली ती अधिक शिक्षणासाठी एडिंबरोला गेली.

काम प्रचंड होते. जनावराच्या रक्तवाहिनीत नळी बसवायची, ती पाऱ्याच्या दाबमापकाला जोडायची, आणि काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर रक्ताच्या दाबाची रेषा उमटवून घ्यायची. रेषा खाली येऊ लागली म्हणजे दाब उतरला. श्वासाची रेषा सपाट झाली म्हणजे श्वास थांबला. कोणती आधी, ते पाहायचे. प्रत्येक नोंदीचे छायाचित्र घेतले गेले. काम आटोपता आटोपता ब्रंटनसाहेबांनी ‘लॅन्सेट’ला तार केली, तिच्यात आकडा आहे तो ४९० जनावरांचा. कुत्री, घोडे, माकडे, शेळ्या, मांजरे आणि ससे. त्यांपैकी १२० प्रयोग दाबमापक लावून झालेले. निष्कर्ष असा की धोका गुदमरण्याचा आणि अतिरिक्त मात्रेचा आहे. हृदयाला सरळ धोका मुळीच नाही.

ब्रंटनसाहेब विरुद्ध मत घेऊन आले आणि लॉरीचे मत घेऊन परत गेले. हैदराबादचा जय झाला. एका देशी संस्थानाने स्वतःच्या खर्चाने विलायतेच्या वैद्यकाला धडा दिला, याचा आनंद त्या वेळी अनेकांना झाला असल्यास नवल नाही.

दुर्दैवाने तो निष्कर्ष चूक होता.

चूक कोठे झाली?

श्रोतेहो, या ठिकाणी थोडे थांबले पाहिजे, कारण आजच्या विषयाचे मर्म येथे आहे. प्रयोग थोडे होते म्हणून चूक झाली असे नाही; जनावरे पाचशेच्या घरात गेली. यंत्रे वाईट होती असेही नाही. त्या काळची उत्तम होती. कोणी लबाडी केली म्हणावे, तर सर्व नोंदी उघड होत्या. मग चूक झाली कोठे?

उत्तर मिळायला आणखी बावीस वर्षे जावी लागली. १९११ साली लंडनच्या गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवले की, क्लोरोफॉर्मची भूल गाढ असते तेव्हा नव्हे, तर उथळ असते तेव्हा हृदय एकाएकी दगा देते. अर्धवट गुंगीत असलेल्या जनावराला ॲड्रेनलिन दिले की हृदयाची लय मोडते, ते नुसते थरथरू लागते आणि रक्त पुढे ढकलणे बंद होते. आणि ॲड्रेनलिन हे काही बाहेरूनच यावे लागते असे नाही. भीतीने ते आपल्याच अंगात सुटते. नखाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेली, भेदरलेली, जेमतेम चार श्वास घेतलेली ती पंधरा वर्षांची हॅना ग्रीनर आठवा. हे कोडे त्रेसष्ट वर्षांनी उलगडले.

हैदराबादेत मुख्य भर होता तो क्लोरोफॉर्म देत राहून, भूल गाढ करीत नेऊन, आधी काय थांबते ते पाहण्यावर. गाढ भुलीत श्वासच आधी थांबतो, हे खरेच आहे. म्हणजे जनावरांनी खोटी साक्ष दिली नाही. त्यांना जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर त्यांनी अचूक दिले. पण प्रश्नच असा घातला होता की त्यातून एकच उत्तर यावे. न्यायालयात वकील साक्षीदाराला आपल्याला हवे तेवढेच विचारतो. साक्षीदार खरे बोलतो आणि तरीही निकाल चुकतो, तसेच हे झाले.

लॉरीसाहेबांच्या पदरी न्यायही घातला पाहिजे. श्वासाकडे लक्ष ठेवा, हा त्यांचा उपदेश आजही प्रत्येक भूलतज्ज्ञ पाळतो. आणि भूल पुरती व एकसारखी द्यायची त्यांची रीत उथळ गुंगीचा धोका टाळणारी होती. त्यांचे रोगी सहसा वाचत, याचे कारण कदाचित त्यातच असेल. रीत चांगली, कारणमीमांसा चुकीची, असे वैद्यकात पुष्कळदा होते. पण “हृदयाला धोका मुळीच नाही” या चार शब्दांवर विसंबून ज्यांनी नाडी सोडली, त्यांच्या रोग्यांचे काय झाले असेल, याचा विचार मनाला चटका लावतो.

एका डोळ्यापुरती बधिरता

संपूर्ण भुलीत जर एवढा धोका, तर जेथे कापायचे तेवढीच जागा बधिर करता येणार नाही का? हा विचार तेव्हा युरोपात जोर धरीत होता. हैदराबादच्या दुसऱ्या कमिशनच्या पाचच वर्षे आधी, १८८४ साली, व्हिएन्नात कार्ल कोलर नावाच्या सव्वीस वर्षांच्या गरीब डॉक्टराला त्याचे उत्तर सापडले. कोकेन जिभेला लागले तर जीभ बधिर होते, हे अनेकांनी अनुभवले होते. पुढे मानसशास्त्रात जगद्विख्यात झालेले फ्रॉइड त्या वेळी कोकेनवरच लिहीत होते. पण जीभ बधिर करणारे औषध डोळाही बधिर करील, हे कोलरला सुचले.

त्याने ते द्रावण प्रथम बेडकाच्या डोळ्यात घातले. मिनिटाभराने बेडकाने डोळ्याला स्पर्श करू दिला. दुसरा डोळा मात्र हात लावताच मिटला. मग ससा, मग कुत्रा. आणि त्यानंतर कोलर व त्याचा सोबती गर्टनर यांनी ते एकमेकांच्या डोळ्यांत घातले, आरशापुढे उभे राहून टाचणीच्या बोथट टोकाने स्वतःच्या बुबुळाला स्पर्श केला, आणि काहीच जाणवत नाही हे पाहून त्यांना हर्ष झाला. १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या सभेत हा शोध जाहीर झाला. पण कोलरजवळ प्रवासखर्चाला पैसे नव्हते, म्हणून त्याचा निबंध दुसऱ्याच डॉक्टराने वाचला. आज मोतीबिंदू काढून त्याच दिवशी घरी परतणारी आपली म्हातारी माणसे या बेडकाची आणि या गरीब डॉक्टराची ऋणी आहेत.

येथे मला एक भेद महत्त्वाचा वाटतो. कोलरने जे जनावराला केले, ते स्वतःलाही करून पाहिले.

कोकेनची चटक लागते, म्हणून त्याला पर्याय शोधणे भाग पडले. १९०४-०५ च्या सुमारास जर्मनीत आइनहॉर्न यांनी नोव्होकेन दिले. १९४३ साली स्वीडनमध्ये लॉफग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी लिग्नोकेन दिले; तरुण लुंडक्विस्टने तेही स्वतःच्या अंगावर टोचून पाहिले. दात काढताना हिरडीत टोचतात ते हेच. यांची पारख करण्याच्या रीती ठरून गेल्या. सशाच्या बुबुळाला केसाने स्पर्श करून पापणी मिटते का पाहायचे. गिनीपिगच्या पाठीवर कातडीत औषध टोचून फुगवटा उठवायचा आणि त्यावर सहा वेळा टोचून किती वेळा कातडी थरथरते ते मोजायचे. ही दुसरी रीत १९४५ साली एडिथ बुलब्रिंग आणि वाज्दा या दोन स्त्रियांनी बसवून दिली.

या कामात आपला देशही मागे राहिला नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत सेंटबुक्रिडीन नावाचे नवे बधिरक तयार झाले, जनावरांवर पारखले गेले, आणि माणसांवर त्याची कसोटी मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात व के. ई. एम. रुग्णालयात झाली. औषधशास्त्राचे नामवंत अध्यापक डॉ. सातोस्कर हे त्या मंडळींत होते. लिग्नोकेनचे दोन टक्के द्रावण जे काम करते, ते याचे अर्धा टक्का द्रावण करते, असे दिसून आले. हा अहवाल १९८३ साली प्रसिद्ध झाला.

जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो

बधिर करणारे औषध काम कसे करते, ते आता चांगले कळले आहे. मज्जातंतूच्या कातडीला अतिसूक्ष्म दारे असतात. त्यांतून सोडियमचे कण आत शिरले की वेदनेची लहर पुढे सरकते. औषध ती दारे आतून अडवते; लहर जागीच थांबते. पण अशीच दारे हृदयालाही आहेत. म्हणून बधिरक चुकून रक्तवाहिनीत गेले, तर ते हृदयही अडवू शकते.

१९५७ साली निघालेले ब्युपिव्हाकेन हे औषध दीर्घकाळ टिकणारे म्हणून लोकप्रिय झाले. १९७९ साली अमेरिकेतल्या अल्ब्राइट नावाच्या डॉक्टराने इशारा दिला की, त्याने हृदय एकाएकी बंद पडते आणि पुन्हा सुरू करणे अतिशय कठीण जाते. हृदय की श्वास, हा हैदराबादचा प्रश्न नव्वद वर्षांनी पुन्हा दारात येऊन उभा राहिला.

या वेळी त्याचे उत्तर कसे मिळाले पाहा. शिकागोच्या वाइनबर्ग यांना असे वाटत होते की, रक्तात चरबी वाढली तर ब्युपिव्हाकेनचे विष अधिक भिनेल. त्यांनी उंदरांच्या शिरेत स्निग्ध पदार्थाचे दुधासारखे द्रावण सोडले. निकाल अगदी उलटा आला. उंदीर अधिक मात्रा सोसू लागले. त्यांनी आपली कल्पना बाजूला ठेवली आणि उंदरांचे म्हणणे ऐकले. १९९८ साली तो निकाल प्रसिद्ध झाला, २००३ साली कुत्र्यांवर त्याचा पडताळा आला, आणि २००६ साली बंद पडलेले माणसाचे हृदय या उपायाने पुन्हा सुरू झाल्याची पहिली हकीकत छापून आली. आज हे द्रावण जवळ ठेवावे, असे भूलतज्ज्ञांना सांगितले जाते.

हैदराबादेत ४९० जनावरे आणि निष्कर्ष चूक. शिकागोत त्यामानाने मूठभर, आणि माणसे वाचली. फरक संख्येचा नव्हता. आपले चुकले असे म्हणण्याची तयारी होती की नव्हती, एवढाच तो फरक होता.

न दिसणारे दुखणे

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड भाग. आपल्यातल्या कित्येकांना नागीण होऊन गेली असेल. फोड जातात, पण आग महिनोन् महिने राहते. अंगरखा लागला तरी सोसवत नाही. मधुमेह्याचे तळवे रात्रभर जळतात. येथे जखम नाही, सूज नाही. मज्जातंतूच बिघडलेला आहे आणि कोणी न हलवताच घंटा वाजवतो आहे. अशा दुखण्याचा अभ्यास करण्यासाठी १९८८ साली बेनेट आणि शिए यांनी उंदराच्या मांडीतल्या मोठ्या मज्जातंतूभोवती सैल गाठी बांधून तोच विकार त्याच्यात उत्पन्न केला. १९९२ साली डेव्हर, वॉल आणि कॅटलन यांनी उंदरांवरच दाखवले की, लिग्नोकेनची अगदी थोडी मात्रा रक्तात असली तरी बिघडलेल्या तंतूची ही अकारण घंटा थांबते, आणि निरोगी तंतूंचे काम चालूच राहते. नागिणीनंतरच्या आगीवर कातडीला चिकटवण्याची लिग्नोकेनची पट्टी १९९९ साली अमेरिकेत मान्य झाली.

परंतु या प्रयोगांत जनावराला भूल देऊन मोकळे होता येत नाही. त्याचे दुखणे हेच मोजायचे असते. आणि मोजतो काय, तर उंदराने पाय किती लवकर उचलला एवढेच. “आग होते,” “मुंग्या येतात,” हे तो सांगू शकत नाही. म्हणूनच उंदरांत गुणकारी ठरलेली काही वेदनाशामके माणसांत साफ निरुपयोगी ठरली आहेत. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या जागतिक संस्थेने १९८३ साली आपले नियम केले. जनावराला जी वेदना द्यायची, ती शक्य तेथे संशोधकाने आधी स्वतःवर अनुभवावी, असे त्यांत सुचवले आहे. कोलरने आरशापुढे जे केले, तेच शंभर वर्षांनी नियमात आले. रेड्याचा वळ आपल्या पाठीवर घेण्याची ती शास्त्रीय रीत म्हणावी.

१८७६ सालचा विलायतेतला प्राणिक्लेश-कायदा हिंदुस्थानला लागू नव्हता. हैदराबादच्या कुत्र्यामाकडांची दाद घेणारे कोणी नव्हते. स्वतंत्र भारताने १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. प्रयोग बंद करा, असे तो म्हणत नाही. लहान प्राण्याने भागत असेल तर मोठा घेऊ नका, वेदना होणार असेल तर भूल द्या, आणि केवळ हात बसावा म्हणून जनावर फाडू नका, असे तो सांगतो. बेडूक आणि ससे यांच्यावरचे पूर्वीचे पाठ वैद्यकीय विद्यार्थी आता बहुधा संगणकाच्या पडद्यावर पाहतात.

लासूरच्या बाजारात जनावरे येतात, त्यांची किंमत कोणाला सांगायला नको. बैलाला शिंगाचा कॅन्सर होतो, हे येथल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. शिंग हलू लागते, नाकातून रक्त येते, आणि ते शिंग मुळापासून काढावे लागते. पशुवैद्य येतो, डोळ्याचा कोपरा आणि शिंगाचे मूळ यांच्या मधोमध हाडाच्या कडेखाली सुई घालतो आणि लिग्नोकेन सोडतो. थोड्या वेळाने शिंगाची बाजू बधिर होते. बेडूक, ससा आणि गिनीपिग यांच्याकडून आपण जे उसने घेतले, त्यातले थोडे तेथे जनावराला परत मिळते. फेड पुरी होत नाही. पण शिंग कापताना सुई टोचायची राहिली, पैसे वाचवायचे म्हणून बैलाला नुसते दोरखंडाने पाडून काम उरकले, तर मात्र आपण घेतलेले ऋण बुडवले असे होईल. पुढच्या खेपेस बैल पशुवैद्यापुढे उभा कराल, तेव्हा सुई दिली का, एवढे आठवणीने विचारा.